चार इंचीतून दिसली, आठ इंचीतून नाही: एनजीसी ४०४ चं प्रकरण

दुर्बीण जितकी मोठी तितकं जास्त दिसतं, हे हौशी आकाशनिरीक्षणातलं पहिलं गृहीत. बहुतेक वेळा ते खरंच ठरतं. इथे ज्या रात्रीची हकीकत मांडतोय त्या रात्री मात्र एकाच पठारावर, हाकेच्या अंतरावर लावलेल्या दोन दुर्बिणींनी उलटी साक्ष दिली. १०० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाच्या दुर्बिणीतून एनजीसी ४०४ ही भिंगाकार दीर्घिका दिसली आणि २०३ मिलिमीटरच्या, म्हणजे आठ इंची डॉब्सोनियनमधून (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, थोडक्यात 'डॉब') त्याच वेळी दिसली नाही. आठ इंची आरसा चार इंची भिंगापेक्षा चौपट प्रकाश गोळा करतो. बघणारे दोघंही नवखे नव्हते. मग घोळ कुठे होता?

उत्तर शोधताना एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली. ही दीर्घिका अवघड आहे ती अंधूक आहे म्हणून नव्हे. तिच्या शेजाऱ्याच्या झगमगाटामुळे ती अवघड होते. हा झगमगाट दोन वेगळ्या जागी तयार होतो, आणि एकावर चालणारा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

दीर्घिका आणि तिचा शेजारी

देवयानी तारकासमूहातला मिराक हा तारा आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकानं पाहिलेला असतो, पण वाटेवरचा थांबा म्हणून. भाद्रपदांच्या चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या अल्फेराट्झपासून निघायचं, मिराकपर्यंत यायचं आणि तिथून वळून म्यू आणि न्यू या ताऱ्यांवरून एम-३१, म्हणजे देवयानी दीर्घिका गाठायची. मिराकपाशी कोणी रेंगाळत नाही. एनजीसी ४०४ त्याच्यापासून जेमतेम ७ कलांवर (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), वायव्येला आहे. हे अंतर चंद्रबिंबाच्या व्यासाच्या पाव हिश्शाहून थोडं कमीच भरतं.

मिराकची दृश्यप्रत २.०५, दीर्घिकेची साधारण १०.३ (आकडा जितका लहान तितकं तेज जास्त). म्हणजे तारा दीर्घिकेपेक्षा जवळपास दोन हजार पट तेजस्वी. १०.३ ही प्रत एकटी घेतली तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मेसिएच्या यादीतल्या एम-९१ आणि एम-९८ या दीर्घिका साधारण याच पातळीच्या आहेत आणि चांगल्या आकाशाखाली चार इंचीतून त्या सापडतात. फरक इतकाच की त्यांच्या उंबऱ्यावर दुसऱ्या प्रतीचा तारा उभा नाही. मिराक हा सुमारे २०० प्रकाशवर्षांवरचा लाल राक्षसी तारा आहे, तर दीर्घिका सुमारे १ कोटी प्रकाशवर्षांवर. दोघांचं शेजारपण फक्त आपल्या नजरेच्या रेषेतलं.

विल्यम हर्शेलला ती १३ सप्टेंबर १७८४ रोजी सापडली. तेव्हा तो इंग्लंडमधल्या डॅचेट इथे राहत होता आणि १८.७ इंच व्यासाच्या धातूच्या आरशाची दुर्बीण वापरत होता. त्याच्या यादीत ती दुसऱ्या वर्गातली, म्हणजे 'अंधूक तेजोमेघ' या वर्गातली २२४ वी नोंद आहे. आकाशाची झाडाझडती घेताना त्याचं वर्धन १५७ पट असायचं आणि दृश्यक्षेत्र सुमारे १५ कलांचं. हा १५ कलांचा आकडा ध्यानात ठेवा, पुढे तो कामी येणार आहे.

भिंगाकार दीर्घिकेत मधला फुगवटा असतो, चकती असते, पण बाहू नसतात. हबलनं १९३६ साली हा 'एस-शून्य' प्रकार लंबवर्तुळाकार आणि सर्पिल दीर्घिकांच्या मधली पायरी म्हणून मांडला. एनजीसी ४०४ आपल्याला जवळजवळ समोरून दिसते, म्हणून गोल वाटते. आयपीसशी, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाशी, डोळा लावलेल्या माणसाला याचा त्रास वेगळाच. नजर अडकावी अशी कड नाही, धुळीचा पट्टा नाही, गाठ नाही. मधोमध उजेड आणि बाहेर हळूहळू विरत जाणारा धूसर गोळा, एवढंच. दुर्बिणीच्या आत काचांवर होणारं ताऱ्याचं परावर्तनही नेमकं असंच दिसतं. म्हणून जगभरचे निरीक्षक हिला 'मिराकचं भूत' म्हणतात. कल्पना जराशी नाटकी असली तरी चपखल आहे.

ती रात्र

कार्तिक अमावस्या, नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. जागा जुन्नर तालुक्यातलं, माळशेजच्या बाजूचं एक पठार, अक्षांश १९ अंशांच्या थोडं वर. नारायणगाव आणि आळेफाट्याचा उजेड आग्नेयेला, पुण्याचा दक्षिणेला, कल्याण-मुंबईचा पश्चिमेला. डोक्यावरचं आणि ईशान्येचं आकाश चांगलं होतं. एम-३३ ही अंधूक दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसल्याचं एकानं सांगितलं. बाकीच्यांनी मान्य केलं नाही, पण पैजही लावली नाही.

चार इंची दुर्बीण एका निवृत्त शिक्षकांची, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. नाभीय अंतर ९०० मिलिमीटर. डॉब आमच्यातल्या एका इंजिनिअर मुलीचा, नाभीय अंतर १२०० मिलिमीटर, आरसा पावसाळाभर खोक्यात राहिलेला आणि त्यावर धुळीचा पातळ थर. आरशाकडे बघून सर म्हणाले होते, "अगं, याला आंघोळ घाल कधीतरी." ती म्हणाली, "सर, आरसा जितका कमी धुवाल तितका बरा असं तुम्हीच शिकवलंय ना." दोघांचंही म्हणणं बरोबर होतं आणि त्याचा या प्रकरणाशी संबंध आहे.

साधारण आठ वाजता सरांनी १२० पट वर्धनाचा आयपीस लावला, मिराक दृश्यक्षेत्राच्या कडेबाहेर ढकलला आणि थोड्या वेळानं शांतपणे म्हणाले, "आहे." डॉबवर ४८ पटीचा आयपीस होता. त्यात मिराक मध्यभागी कंदिलासारखा पेटलेला आणि भोवती पांढुरकं धुकं, बाकी काही नाही. तिनंही वर्धन वाढवलं, आधी १२०, मग २००. मिराक बाहेर काढला. तरी काही नाही.

"सर, तुम्ही म्हणता तिथं मला काहीच दिसत नाहीये."

"नीट तिरक्या नजरेनं बघ. थेट रोखून बघू नकोस."

"तिरक्याच नजरेनं बघतेय हो!"

आधी साक्ष तपासली

मोठ्या दुर्बिणीतून न दिसलेली गोष्ट लहान दुर्बिणीतून दिसली म्हटल्यावर पहिला संशय लहान दुर्बिणीवर घ्यायला हवा, आणि घेतला. ही वस्तू तर भुतासाठीच प्रसिद्ध. पद्धत अशी ठरली: तिघांनी पाळीपाळीनं सरांच्या दुर्बिणीतून बघायचं, एकमेकांशी न बोलता कागदावर मिराक आणि धूसर ठिपका काढायचा आणि चित्रात आकाश कोणत्या दिशेला सरकतंय त्याचा बाण काढायचा.

बाण महत्त्वाचा. भिंगाच्या दुर्बिणीला मागे काटकोनी आरसा लावला की चित्र आरशातल्यासारखं उलटतं. डावं-उजवं, वर-खाली असल्या शब्दांना तिथे अर्थ उरत नाही. पण दुर्बीण स्थिर ठेवली की तारे ज्या बाजूनं बाहेर जातात ती पश्चिम, हे कुठल्याही दुर्बिणीत खोटं ठरत नाही. एनजीसी ४०४ चं विषुवांश (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान, वेळेच्या मापात) मिराकपेक्षा १७ सेकंदांनी कमी आहे. म्हणजे दीर्घिका पुढे चालते आणि तारा तिच्या मागून १७ सेकंदांनी येतो. दृश्यक्षेत्राची कड गोल असल्यामुळे घड्याळ लावून नेमके १७ सेकंद मिळणार नाहीत, पण पुढे कोण आणि मागे कोण हे कळायला घड्याळ लागत नाही.

तीन चित्रांपैकी दोन जुळली. तिसऱ्यात ठिपका मिराकच्या मागच्या बाजूला होता, म्हणजे पूर्वेला. ते काढणारा ठाम होता. मग दुर्बीण अल्फेराट्झवर वळवली. हा ताराही दृश्यप्रत २.०६ चा, म्हणजे मिराकच्या तोडीस तोड, आणि त्याच्या शेजारी अशी कुठली दीर्घिका नाही. त्याच आयपीसमधून त्याला तिथेही तसाच ठिपका दिसला, आणि ताऱ्याची जागा बदलली की तोही उलट्या बाजूला सरकत होता. ते काचांमधलं परावर्तन होतं. उरलेल्या दोघांचा ठिपका अल्फेराट्झपाशी नव्हता. सरांची साक्ष टिकली.

तुलनेचा तारा ठेवण्याची ही युक्ती फुकटची आहे आणि तरी फार थोडे लोक ती वापरतात. कुठल्याही तेजस्वी ताऱ्याजवळची अंधूक वस्तू पाहिल्याचा दावा करण्याआधी तेवढ्याच प्रतीचा रिकामा शेजार असलेला तारा बघून घ्यावा. मिराकच्या बाबतीत असा तारा त्याच तारकासमूहात, जवळजवळ अचूक त्याच प्रतीचा मिळतो हे आपलं नशीब.

दोन जागचा झगमगाट

आता डॉबकडे. ४८ पटीला दीर्घिका का दिसली नाही हे समजायला सोपं आहे. त्या वर्धनाला डोळ्याच्या दृष्टीनं मिराक आणि दीर्घिका यांच्यात साडेपाच अंशांच्या आसपास कोन उरतो. डोळ्यातली भिंगं आणि द्रव काही स्फटिकासारखे स्वच्छ नसतात. तेजस्वी बिंदूचा प्रकाश डोळ्याच्या आतच पसरतो आणि दृष्टिपटलावर एक पडदा टाकतो. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांमुळे रस्त्याकडेचा माणूस दिसत नाही तो याच कारणानं.

बरेच जण इथे सांगतात, वर्धन वाढवा, तारा लांब जाईल. हे अर्धंच खरं आहे. डोळ्यातला हा पडदा कोन वाढेल तसा साधारण वर्गाच्या व्यस्त प्रमाणात विरळ होतो. ४८ वरून २०० पटीवर गेलं की कोन साडेपाचवरून साडेबावीस अंशांच्या घरात जातो आणि पडदा सुमारे १७ पट मंदावतो. पण वर्धन वाढवल्यानं दीर्घिकेचा उजेडही मोठ्या क्षेत्रावर पसरतो आणि तिचं पृष्ठतेज नेमकं तेवढंच, १७ पट उतरतं. हिशेब बरोबरीत सुटतो. दीर्घिका मोठी दिसते आणि अंधुक गोष्ट मोठी असली की डोळ्याला सापडायला सोपी जाते, हा फायदा खरा. पण पडद्याविरुद्ध नुसत्या वर्धनाची कमाई शून्य.

खरा फायदा तारा दृश्यक्षेत्राबाहेर गेल्यावर होतो. आयपीसच्या आत जी गोल कड असते ती मिराकचा प्रकाश डोळ्यापर्यंत येऊच देत नाही, त्यामुळे डोळ्यातला पडदा अक्षरशः संपतो. वर्धन हवं ते यासाठी, की दृश्यक्षेत्र लहान होऊन ७ कलांच्या अंतरात ही कड बसवता यावी. ५० अंशांचा साधा प्लॉसल आयपीस २०० पटीला १५ कलांचं क्षेत्र देतो. हर्शेलचं क्षेत्रही तेवढंच होतं.

या क्षेत्राचा मोटर नसलेल्या डॉबवर एक सुंदर हिशेब बसतो. दृश्यक्षेत्राचा मध्य मिराकच्या ८ कला उत्तरेला ठेवायचा. आकाश पश्चिमेकडे सरकत जाईल तसा मिराक कडेच्या बाहेरूनच निघून जातो, आत येतच नाही. दीर्घिका मिराकच्या जवळपास ६ कला उत्तरेला असल्यानं मध्याच्या थोडी दक्षिणेकडून पूर्ण क्षेत्र ओलांडते. त्या क्रांतीवर (खगोलीय विषुववृत्तापासूनच्या अंतरावर) आकाश सेकंदाला सुमारे १२ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतं, म्हणजे दर फेरीला सत्तर सेकंद मिळतात. हात न लावता, तारा न दिसता सत्तर सेकंद. दुर्बिणीला थोडं मागे न्यायचं आणि पुन्हा वाट बघायची. सरकणारी अंधूक वस्तू स्थिर वस्तूपेक्षा डोळ्याला लवकर जाणवते, हा वरचा फायदा.

डॉबवालीनं हे सगळं केलं होतं, आणि तरी सव्वाआठला दीर्घिका नव्हती. म्हणजे झगमगाट डोळ्यात नव्हता. तो दुर्बिणीतच तयार होत होता.

आयपीसची कड ताऱ्याला अडवते, पण ताऱ्याचा जो प्रकाश आरशावरच विखुरला जाऊन ७ कला बाजूला, थेट दीर्घिकेच्या जागी येऊन पडतो, त्याला ती कशी अडवणार? तो तर दीर्घिकेच्याच वाटेनं येतो. धुळीचा प्रत्येक कण असा प्रकाश पसरवतो. दुसरा गुन्हेगार म्हणजे दुय्यम आरसा धरून ठेवणारे स्पायडरचे चार पाय. त्यांच्यामुळे तेजस्वी ताऱ्याला चार काटे फुटतात आणि त्यांचं फिकट टोक मध्यापासून बरंच लांब जातं. चार इंची भिंगासमोर आडवं काही नसतं आणि भिंग नळीत बंद, टोपीखाली असतं. सरांच्या बाजूनं दोन्ही गोष्टी होत्या.

काट्यांचं वेळापत्रक

धूळ रात्रभर तेवढीच राहते. काट्यांचं तसं नाही, आणि या प्रकरणातला मला सर्वांत रंजक वाटलेला भाग हाच.

डॉब क्षितिजाला समांतर आणि उभी अशी फिरते. तिच्या स्पायडरचे पाय या दुर्बिणीत उभे-आडवे आहेत, म्हणजे काटेही आयपीसमध्ये कायम उभे-आडवे. पण आकाश त्या चौकटीत कायम तसंच राहत नाही. मिराक पूर्वेकडून वर चढतो, उत्तरेच्या अंगानं खस्वस्तिकाजवळून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूजवळून जातो आणि पश्चिमेला उतरतो, तशी 'उत्तर' ही दिशा चौकटीत वळत जाते. दीर्घिका मिराकच्या उत्तरेपासून ३० अंश पश्चिमेकडे कललेली आहे, तीही सोबत वळते. ठरावीक वेळी ती काट्यावर येणारच.

१९ अंश अक्षांशावर हे गणित मांडलं. त्या रात्री मिराक याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येण्याची वेळ रात्री ९ वाजून ५० मिनिटांच्या आसपास होती, उंची ७३ अंश. त्याआधी साधारण १ तास ४० मिनिटं, म्हणजे ८ वाजून १० मिनिटांच्या सुमाराला, दीर्घिका मिराकच्या थेट बाजूला, क्षितिजाला समांतर येते. आडवा काटा तेव्हा तिच्यावरून जातो. म्हणजे जी वेळ "सर, काहीच दिसत नाहीये" याची, नेमकी तीच.

पुढे साडेनऊला ती दोन काट्यांच्या बरोबर मधे येते. मग साडेदहाच्या सुमारास मिराकच्या थेट खाली, उभ्या काट्यावर. त्यानंतर पुन्हा मोकळी होते आणि मध्यरात्रीपासून पुढे तासभर जवळजवळ मधोमधच राहते, कारण पश्चिमेकडे उतरताना चौकट फार हळू वळते. याम्योत्तराजवळ मात्र ती झपाट्यानं वळते, तासाला ४० अंशांहून जास्त.

वेळापत्रक हातात आल्यावर डॉब रात्रभर तपासायचं ठरलं. साडेनऊला २०० पटीत तिला दीर्घिका दिसली, अंधूक पण नक्की, आणि बाणाच्या हिशेबानं योग्य बाजूला. मिराक डोक्याजवळ असल्यानं डॉब आडवी फिरवायला जड जात होती. डोक्यावरच्या त्या पट्ट्यात डॉबला नेहमीच अडखळायला होतं. साडेदहाला दीर्घिका गेली. बारा वाजता ती आली आणि या वेळी थेट नजरेनंही मधला उजेड टिकत होता.

इथे कोणी म्हणेल की डोळे अंधाराला सरावले, किंवा तारा वर आल्यावर हवेचा थर कमी झाला. दोन्ही कारणं टिकत नाहीत. साडेदहाला मिराक ७० अंशांच्या वर होता आणि मध्यरात्री उतरून ५७-५८ अंशांवर आला होता. म्हणजे जास्त उंचीला दीर्घिका हरवली आणि कमी उंचीला सापडली. डोळे सरावणं हे कारण असतं तर साडेनऊला दिसलेली वस्तू तासाभरानं नाहीशी झाली नसती. काट्यांचं वेळापत्रक सोडून दुसरं काहीही या चारही निरीक्षणांना एकत्र बसत नाही.

एक चाचणी फसली तीही नोंदवतो. पुठ्ठ्याला ७० मिलिमीटरचं भोक पाडून ते डॉबच्या तोंडावर, स्पायडरच्या दोन पायांच्या मधे येईल असं बसवलं. काटे गेले. पण आठ इंचीची पावणेतीन इंची झाली, दीर्घिकेचा प्रकाश आठव्या हिश्शावर आला आणि कोणालाच काही दिसलं नाही. यातून काहीच सिद्ध होत नाही.

दरम्यान सरांच्या दुर्बिणीची कथा उलटी वळली. मध्यरात्रीनंतर भिंगावर दव धरलं, मिराकभोवती मोठं तेजोवलय पसरलं आणि दीर्घिका त्यात बुडाली. दवाचे थेंब म्हणजे धुळीपेक्षा वाईट धूळ. सरांनी हेअर ड्रायर शोधायला सांगितला, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. तो घरी राहिला होता.

धूळ किती दोषी?

काटे दोषी ठरले म्हणून धूळ निर्दोष ठरत नाही. पुढच्या अमावस्येआधी आरसा धुतला गेला: आधी नुसत्या पाण्याची धार, मग डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचा एखादा थेंब, कापसाचा बोळा स्वतःच्या वजनाइतकाच टेकवून एकदा ओढायचा आणि फेकून द्यायचा, शेवटी पुन्हा डिस्टिल्ड वॉटर. घासायचं नाही. अॅल्युमिनियमचा थर फार नाजूक असतो आणि घासून पडलेले ओरखडे धुळीपेक्षा जास्त प्रकाश पसरवतात. आरसा कमी धुवावा हा सल्ला त्यामुळेच दिला जातो. सल्ला बरोबर आहे, पण त्याला मिराकसारखे अपवाद आहेत.

डिसेंबरमध्ये मुद्दाम वाईट वेळ निवडली, उभा काटा दीर्घिकेवर असतानाची. या खेपेला ती २०० पटीत दिसली. कष्टानं, तिरक्या नजरेनं, मधून मधून, पण दिसली. माझा निष्कर्ष असा, की स्वच्छ आरशाला एकटा काटा पुरता हरवत नाही आणि धुळकट आरशाला मोकळी वेळ मिळाली तर तोही भागवून नेतो. दोन्ही एकत्र आले तर चौपट प्रकाशही कामाला येत नाही. आकाश दोन्ही रात्री सारखंच होतं असा दावा करता येणार नाही, त्यामुळे हा निष्कर्ष काट्यांच्या निष्कर्षाइतका पक्का मानू नये.

मग दिसतं काय?

प्रामाणिकपणे सांगायचं तर फार नाही. आठ इंचीत २०० पटीला एक गोल धूसर डाग, मधे ठळक, बाहेर विरत जाणारा. याद्यांमध्ये तिचा व्यास साडेतीन कला दिलेला असतो, डोळ्याला त्याचा आतला भाग तेवढा लागतो. १ कोटी प्रकाशवर्षांवर साडेतीन कला म्हणजे सुमारे १० हजार प्रकाशवर्षं. आकाशगंगेच्या तुलनेत ही दीर्घिका अगदी छोटी.

तरी या डागामागची गोष्ट मोठी आहे. ती सेकंदाला सुमारे ४८ किलोमीटर वेगानं आपल्याकडे येते आहे, दूर जात नाही. त्यामुळे तांबड्या सरकण्यावरून, म्हणजे दूर जाण्याच्या वेगामुळे प्रकाश तांबड्याकडे झुकतो त्यावरून, तिचं अंतर काढता येत नाही. तिच्यातल्या लाल राक्षसी ताऱ्यांच्या कमाल तेजावरून अंतर ठरलं तेव्हा ती आपल्या स्थानिक समूहाच्या अगदी बाहेर, आपल्याला सर्वांत जवळच्या भिंगाकार दीर्घिकांपैकी एक निघाली. भिंगाकार म्हणजे वायू संपलेली, थकलेली दीर्घिका असं आपण वाचलेलं असतं. हिच्याभोवती मात्र हायड्रोजनची मोठी चकती सापडली. न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २००४ साली खगोलशास्त्रज्ञांनी मांडलं, की सुमारे एक अब्ज वर्षांपूर्वी एखादी छोटी, वायूनं भरलेली दीर्घिका हिच्यात विलीन झाली असावी. नासाच्या गॅलेक्स या अतिनील दुर्बिणीनं नंतर त्या चकतीत नव्या ताऱ्यांचं कडं दाखवलं. अतिनील छायाचित्रात चित्रच पालटतं: लाल, थंड मिराक तिथे बराच फिका पडतो आणि दीर्घिकेचं कडं उठून दिसतं. हायड्रोजनची ती २१ सेंटिमीटरची लहर ऐकू शकणाऱ्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आमच्या पठारापासून फार लांब नाहीत, खोडदला. आम्हाला मात्र डोळ्याला दिसेल तेवढ्यावरच भागवायचं होतं.

ज्यांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी

आकाशाच्या काळेपणाइतकीच वेळेची निवड महत्त्वाची आहे. मिराक याम्योत्तरावर येण्याची वेळ नकाशाच्या कुठल्याही अॅपमधून काढा. स्पायडरचे पाय उभे-आडवे असतील तर महाराष्ट्रातून त्यानंतर दोन ते तीन तासांची वेळ सर्वांत चांगली. डिसेंबरच्या अमावस्येला ती रात्री पावणेदहा ते पावणेअकरा पडेल, जानेवारीत पावणेआठ ते पावणेनऊ. पाय तिरपे, ४५ अंशांत असतील तर हीच वेळ सर्वांत वाईट ठरेल आणि याम्योत्तरानंतरचा अर्धा-पाऊण तास चांगला. आधी आपल्या दुर्बिणीच्या तोंडात डोकावून पाय कसे आहेत ते बघा. विषुववृत्तीय माउंट असेल तर काटे आकाशाला धरूनच राहतात, वाट बघून काही होणार नाही, नळी तिच्या कड्यांमध्ये फिरवून घ्यावी लागेल.

मोटर असलेल्या दुर्बिणीवर आणखी एक सोय करता येते. ज्या आयपीसची आतली गोल कड खालून बोटाला लागते त्या कडेवर काळ्या इन्सुलेशन टेपची बारीक पट्टी चिकटवायची, क्षेत्राचा साधारण तिसरा हिस्सा झाकेल अशी. मिराक पट्टीमागे ठेवायचा. मोठ्या क्षेत्राचा आयपीसही मग चालतो. पट्टीची कड सरळ आणि स्वच्छ कापलेली हवी, नाहीतर तीच चमकते.

नोंदवहीत वेळ, वर्धन, मिराक क्षेत्रात होता की बाहेर, सरकण्याचा बाण आणि स्पायडरची दिशा लिहा. दीर्घिका दिसली नाही तरी लिहा. आमच्याकडे सव्वाआठची 'नाही' वेळेसकट लिहिलेली नसती तर ती काट्यांच्या वेळापत्रकाशी ताडून पाहता आली नसती. सरांचं म्हणणं आहे की ८० मिलिमीटरच्या भिंगातूनही ती दिसायला हवी. डॉबवालीचा त्यावर विश्वास नाही, आणि तशी दुर्बीण मागवलेली आहे.